सुकन्येला मिशी

तारामती : पुन्हा दाखवा. मागं घ्या. एकेक करून.

वैजनाथ : अगं, पडदा चालू ठेवला की सेल उतरतात. हा कॅमेरा फोटो कमी काढतो, सेल जास्त खातो.

तारामती : खाऊ द्या. हा कोण?

वैजनाथ : गीतांजली.

तारामती : कशावरून?

वैजनाथ : ओढणीवरून.

तारामती : आन् ह्यो पांढरा सदरा?

वैजनाथ : तुझे दाजी. लेकीची ट्रॉफी धरलीय बघ छातीशी. पाटी धरल्यासारखी.

तारामती : मुंडकं कुठंय दाजीचं?

वैजनाथ : वर आहे. म्हणजे वर होतं. ही तांत्रिक बाब आहे, तारा. सेल वाचवायला मी पडदा बंद ठेवतो आणि वरच्या बारक्या भोकातून बघतो. भोकातून मुंडकं दिसतं. पण फोटो काढते ती खालची काच. तिला दिसत नाही.

तारामती : काल सत्काराला एवढे फोटो काढलाव, एकात तरी गीताला डोकं असावं की ओ. पोरगी मेडिकलला लागली ती डोक्यामुळंच ना.

वैजनाथ : तू ऐकून तर घे.

तारामती : न्हाई, तुम्ही पुढं घ्या. ही नुस्ती खुर्ची कशाची?

वैजनाथ : त्यात प्रमुख पाहुणे होते. बटण दाबलं की कॅमेरा दम खातो, मग काढतो. तोवर ते उठून गेले. शाल आलीय बघ त्यांची.

तारामती : आन् हे?

वैजनाथ : ते माझं बोट.

तारामती : आता आपल्या विरूचे दाखवा.

वैजनाथ : कशाला उगं ते.

तारामती : दाखवा म्हणते ना. बघा. मे महिन्यात काढलेला. भाड्याचा कोट हाय, गळ्यात हार हाय, तोंडात पेढा हाय. वरचा पंखा सुदीक पुरा आलाय, तिन्ही पाती. तवा भोक कुठं गेलं होतं?

वैजनाथ : तो सराव होता.

तारामती : पोराचा निकाल लागायच्या आधी हार घालून सराव?

वैजनाथ : ऐन वेळेला धांदल होते म्हणून केला. नंबर लागल्यावर क्लासवाले लगेच फोटो मागतात, दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. मी पूर्वतयारी केली. पाटबंधारे खात्यात आम्ही पाऊस पडायच्या आधीच अहवाल करतो.

तारामती : म्हणून तर तळी कोरडी हायत. आन् ह्यो सरावाचा फोटो क्लासला कसा गेला?

वैजनाथ : क्लासचा शिपाई आला. म्हणाला, गीतांजलीचा फोटो द्या, रात्रीत फ्लेक्स छापायचाय. मी घाईत होतो, आख्खं कार्ड काढून दिलं. म्हणालो, निवडून घ्या.

तारामती : आन् त्यांनी निवडला.

वैजनाथ : मी सकाळीच कार्ड परत आणायला गेलो आणि त्या फ्लेक्सवाल्या पोराला झापलं. म्हणलं, तुला दिसत नाही का, हा मुलगा आहे? तो म्हणतो, साहेब, सगळ्या कार्डात मुंडकं ह्या एकाच माणसाला होतं.

तारामती : मी भाजीला गेले होते. मला काय ठाऊक. कोथिंबिरीची जुडी हातात, सहज वर बघितलं तर माझा विरू. खोलीएवढा. हार घातलेला. माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. म्हणलं, देवाला दया आली, दुसरी काही यादी लागली. मग खाली वाचलं. 'आमच्या क्लासची सुकन्या, कुमारी गीतांजली व्यंकटी.' वर मिशी, खाली सुकन्या.

वैजनाथ : मिशी कसली, लव आहे ती.

तारामती : त्या फ्लेक्सवर चांगली हातभर दिसायलीय. पोरं त्याला गीताताई म्हणायलेत. पोरगा माडीवरच्या खोलीत कडी घालून बसलाय, न खाता. आन् गीता बसलीय दाराबाहेर, त्याला समजावत. जिचा फोटो गेला ती समजावतीय.

वैजनाथ : तिचं काय जातंय समजवायला? नंबर लागलाय तिचा.

तारामती : निघालं ना बाहेर.

वैजनाथ : काय निघालं?

तारामती : पोटातलं.

वैजनाथ : हे बघ, तारा. दोन वर्षं पोरगी आपल्या घरात राहिली. एकाच टेबलावर दोघं अभ्यासाला. विरूला बदामाचं दूध, तिला साधं, हे सगळं तूच करत होतीस, मी नाही. क्लास एक, सर एक, नोट्स सुद्धा त्याच. तिनं तर विरूच्या नोट्स वाचल्या, तो वाचत नव्हता म्हणून. आणि विरू आता रिपीटर बॅचला, पुन्हा वर्षभर. कॅमेरा मी कुणासाठी आणला? त्या रियाजनं चौकात सगळ्यांदेखत विचारलं, साहेब, इतना महंगा डिजिटल कायकू? मी म्हणालो, पोराच्या फ्लेक्ससाठी. तो स्टुडिओवाला, त्याच्या पोटात दुखलं, दिसत होतं मला. आता तोच विचारतो, साहेब, फ्लेक्सपर किसका बच्चा है?

तारामती : मग मुद्दाम कापलं का डोकं?

वैजनाथ : मुद्दाम नाही. देवाशप्पथ मुद्दाम नाही. पण भोकातून बघताना तिचा चेहरा समोर आला ना, की हात आपोआप खाली जायचा.

तारामती : मलाबी झालं तसं. काल शिरा केला आन् साखर टाकायची विसरले. पोरगी गपगुमान खाऊन गेली. म्हणली, मावशी, छान झालाय. मग जास्तच राग आला मला.

वैजनाथ : बघ म्हणजे.

तारामती : माझं घरात झालं. तुमचं चौकात लागलंय. सर काय म्हणले फोनवर?

वैजनाथ : पाचपर्यंत चांगला फोटो द्या म्हणाले, वडिलांसोबतचा. फ्लेक्स बदलून देतो. नाही दिला तर फोटोच्या जागी गुलाबाचं फूल छापणार.

तारामती : फूल? पोरगी आख्ख्या किल्लारीतनं मेडिकलला लागली आन् चौकात गुलाबाचं फूल?

वैजनाथ : पासपोर्टचा फोटो मोठा केला तर फाटतो, चेहरा ओळखू येत नाही म्हणाले. आणि रियाजच्या स्टुडिओत मी पाय ठेवणार नाही.

तारामती : दाजी यायलेत आता, पोरीला न्यायला. आले की आपणच काढा. किती वाजले?

वैजनाथ : सव्वादोन.

तारामती : मी भाजीला गेले तवाबी सव्वादोनच वाजले होते.

वैजनाथ : त्या घड्याळातले सेल कॅमेऱ्यात आहेत.

तारामती : म्हणजे पाच वाजले तरी आपल्याला कळणार न्हाई. तुमच्या त्या डबड्यानं घरातला टाईमबी खाल्ला. आन् दाजीला काय सांगायचं? जीप त्या चौकातनंच येते.

वैजनाथ : जीप जोरात येते. माणसं मागं कोंबलेली असतात. त्यांना कशाला दिसतंय.

तारामती : काल तर तुम्ही त्यांना सांगितलं, विरूची दुसरी यादी यायचीय म्हणून.

वैजनाथ : मग काय सांगायला पाहिजे होतं? साडू म्हणून माझी काही इज्जत आहे का नाही? त्यांना नांगर धरता येतो, त्यांची पोरगी डॉक्टर. मला टिपणी लिहिता येते, माझा पोरगा...

तारामती : हळू. चपला वाजल्या.

(व्यंकटी दारात. खांद्यावर पटका, हातात कागदी पुडा.)

व्यंकटी : तारा, पाणी दे ग आधी. वैजनाथराव, हात पुढं करा.

वैजनाथ : काय आहे हे?

व्यंकटी : पेढे. तोंड उघडा. आता सायब असा का कुणी असा, माझ्या हातनं खायचा. काल म्हणलाव दुसरी यादी यायची हाय, आन् आज आलीबी. बघितलं मी. चौकात जीप थांबली, माणसं उतरली, मी मान वर केली तर आपला विरूपाक्ष. हार काय, कोट काय. शेजारच्याला म्हणलं, माझ्या साडूचं पोरगं हाय.

वैजनाथ : हं. म्हणजे... फोटो लागलाय, हे खरं आहे.

व्यंकटी : खरं म्हणजे? केवढा लागलाय.

वैजनाथ : मोठा लागलाय.

तारामती : दाजी, तुम्ही खालचं वाचलं का?

व्यंकटी : खालचं कुठलं दिसतंय. रसवंतीवाल्याचं छप्पर आडवं आलंय. फोटो वळखला, बास की. आपल्या पोराला वळखायला नाव कशाला लागतंय? कुठं लागला नंबर, लातूरलाच का लांब?

वैजनाथ : ते अजून... प्रक्रियेत आहे.

व्यंकटी : असंल. मोठ्या जागंला येळ लागतो. तारा, तू पेढा घे की. अशी का बघायलीस? खूश न्हाईस का?

तारामती : हाय की. खूश हाय.

वैजनाथ : घे, तारा. दाजी प्रेमानं देतायत.

तारामती : गोड हाय.

व्यंकटी : गोड असणारच. पेढा हाय.

वैजनाथ : मुलगा तसा पहिल्यापासून हुशारच. म्हणजे दिसत नव्हता, पण होता.

तारामती : अहो.

वैजनाथ : तो फोटो मीच काढलाय, व्यंकटराव. घरचा कॅमेरा. पाच मेगा.

व्यंकटी : तरीच. पंखा सुदीक आलाय.

वैजनाथ : तिन्ही पाती.

तारामती : अहो, बास.

व्यंकटी : बोलू दे की ग. बापाला वाटतंय. आता एक काम करा, सायब. तो कॅमेरा घ्या आन् चला चौकात. मला त्या बोर्डाखाली उभा करा, माझा एक फोटो काढा. किल्लारीत दाखवीन म्हणतो. आमच्या गीताचा काय बोर्ड लागला न्हाई. जागा नसंल उरली. तिच्या मावसभावाचा लागला, ते आमचंच हाय.

तारामती : दाजी.

व्यंकटी : आँ?

तारामती : तो पेढा परत घ्या.

व्यंकटी : उष्टा?

तारामती : तो बोर्ड गीताचा हाय.

वैजनाथ : तारा, थांब. मी नीट मांडतो. वस्तुस्थिती अशी आहे की...

तारामती : तुम्ही नगा मांडू. दाजी, खाली गीताचं नाव हाय. 'आमच्या क्लासची सुकन्या' म्हणून. फोटो चुकून विरूचा लागला. कालच्या सगळ्या फोटोत ह्यांनी तुमच्या दोघांची डोकी कापली, म्हणून मुंडकं असलेला फोटो विरूचाच सापडला. विरूचा नंबर न्हाई. दुसरी यादी न्हाई, तिसरीबी न्हाई. झालं.

व्यंकटी : मंजी सुकन्या...

तारामती : विरू.

व्यंकटी : मिशीसकट?

वैजनाथ : लव आहे ती.

तारामती : दाजी, हसायलाव का तुम्ही? तोंडावर पटका कशाला धरलाव?

व्यंकटी : न्हाई, न्हाई. ठसका लागला. थांब. वैजनाथराव, मला एक सांगू द्या आता. सांगून टाकतो, उगं पोटात कशाला. चौकातल्या दुकानात मी पेढे अर्धा किलो सांगितले होते. पोरगी दोन वर्षं तुमच्या घरचं खाऊन शिकली, म्हणलं अर्धा किलो न्यावं. मग वर बघितलं. तुमचं पोरगं खोलीएवढं. आन् माझ्या लेकीचं कुठंच काय न्हाई. असं जळलं बघा हितं, छातीत. म्हणलं, पैशेवाल्याचं पोरगं बोर्डावर, आमची गरिबाची डोक्यानं लागली तर नुस्ती ट्रॉफी. दुकानदाराला म्हणलं, पावच कर.

तारामती : तरीच पुडा हलका लागला.

व्यंकटी : त्यातला एक वाटंत मीच खाल्ला. रागानं.

वैजनाथ : म्हणजे तुमच्या पण पोटात...

व्यंकटी : माणूसच हाय मी. आन् तुम्ही का म्हणून डोकं कापलाव? तुमचंबी तसंच का?

वैजनाथ : ते भोक असतं वर, त्यातून...

तारामती : हाव, तसंच. आमचं दोघांचंबी. मी शिऱ्यात साखर टाकली न्हाई.

व्यंकटी : त्यो तू केलता व्हय? गीता काल म्हणली आजारी माणसाचा असंल.

वैजनाथ : आता वेळ घालवू नका. पाचपर्यंत फोटो नाही गेला तर गुलाबाचं फूल छापणार आहेत ते. व्यंकटराव, तुम्ही ती कालची ट्रॉफी घ्या आणि त्या भिंतीला उभे राहा. तारा, गीतांजलीला हाक मार.

तारामती : गीते, ये ग खाली. विरूलाबी आण. न्हाई म्हणला तर म्हणावं, बोर्ड बदलायचाय, तुझी सुटका हाय. आन् केस नीट कर. न्हाई, तसेच ऱ्हाऊ दे, छान दिसायलेत. ये. बापाशेजारी उभी ऱ्हा.

वैजनाथ : हां. पडदा चालू ठेवतो ह्या वेळेला. सेल गेले तर गेले.

तारामती : डोकी दिसायलीत का?

वैजनाथ : दोन्ही. पंख्यासकट. व्यंकटराव, ट्रॉफी जरा खाली घ्या. अशी छातीशी पाटी धरल्यासारखी नको. आणि तोंड... अहो, असं काय तोंड केलं? चौकात लागलं तर लोक तुमच्या दहाव्याला येतील.

व्यंकटी : माझं तोंड असंच हाय.

वैजनाथ : आता तर पटक्याआड खदाखदा हसत होता.

व्यंकटी : ते फोटोत नव्हतं.

तारामती : हसा की, दाजी. लेकीचा बोर्ड हाय.

व्यंकटी : न्हाई जमत ग. फोटोत हसू न्हाई म्हणून सांगितलंय मला.

वैजनाथ : कोणी?

व्यंकटी : सरकारच्या माणसानं. भूकंपाच्या टायमाला. पत्र्याच्या शेडात होतो आम्ही. त्यो आला फोटो काढायला, घरं द्यायची होती ना. पाटीवर नाव लिहायचं, छातीशी धरायची, सरळ बघायचं. ही गीता कडंवर. तारा, तुझ्या बहिणीला जाऊन दोन आठवडेबी झाले नव्हते. लेकराला काय कळतंय. फोटो निघायला आन् हिनं माझी मिशी धरून वढली. मला हसू आलं. कसं आलं, देव जाणं. त्यो माणूस म्हणला, हसू नका. नुकसान झालेला माणूस हसत असतो का? केस कच्ची होईल, घर मिळायचं न्हाई. दुसरा काढला मग.

तारामती : मला कधी बोलला न्हाईत.

व्यंकटी : त्यात काय बोलायचं. तवापासनं काच समोर आली की तोंड आपोआप तसं होतंय. जसा ह्यांचा हात आपोआप खाली जातो.

वैजनाथ : माझा आता नाही जात. बघा. सरळ आहे.

तारामती : दाजी, घर मिळालं की तुम्हाला. त्याला आता पंधरा वर्षं होत आली. हसला म्हणून कोण काढून घेणार हाय?

व्यंकटी : मला ठाऊक हाय ग. तोंडाला कोण सांगणार.

तारामती : गीते, हसू नकोस नुस्ती. वढ की त्यांची मिशी.

व्यंकटी : ए, पोरी, डॉक्टर हाईस आता. सोड.

वैजनाथ : हां. हां. तसंच. हलू नका. दाबलं बटण.

व्यंकटी : वाजलं न्हाई अजून.

वैजनाथ : दम खातंय.

व्यंकटी : खाऊ द्या. मलाबी टाईम लागायलाय.